चौदावी पायरी

शाळेच्या जिन्यात कुणीतरी एक पायरी वाढवली होती.

धाकट्या साहेबांनी नकाशा पडद्यावर मोठा केला आणि बोट ठेवून पुन्हा मोजल्या. चौदा. सकाळी बांधकामावर जाताना त्यांनी स्वतः तेरा काढून ठेवल्या होत्या.

"याला हात कुणी लावला?"

नकाशे काढणाऱ्या त्या ऑफिसात अकरा माणसं होती. अकराही जणांनी माना हलवल्या.

महिन्यातला हा सातवा प्रकार. दवाखान्याचं आत उघडणारं दार एके दिवशी बाहेर उघडू लागलं होतं. एका बंगल्याची न्हाणी हातभर सरकली होती. आणि दर वेळी उत्तर दिशेचा बाण उजव्या कोपऱ्यातून उचलून वर डावीकडे नेलेला. दोन वर्षांपूर्वी वडिलांना अर्धांगवायू झाला, खुर्ची धाकट्या साहेबांकडे आली, तेव्हा त्यांनी पहिला हुकूम काढला होता तो बाण उजवीकडे ठेवण्याचा.

"बाहेरून कुणीतरी येतंय," कॉम्प्युटरवाला म्हणाला. घरबसल्या ऑफिसचे कॉम्प्युटर चालवायचा त्यांचा प्रोग्रॅम दहा वर्षं जुना होता. सगळ्यांना मिळून एकच नाव, एकच पासवर्ड. तो कधी कुणी बदललाच नव्हता. "एक किल्ली गावभर वाटून ठेवलीय तुम्ही. आत कोण आलं ते मी कसं सांगू?"

"वेळ तरी कळेल?"

"दहाला येतो. एक ते दोन नसतो. साडेपाचला जातो. रविवारी सुट्टी."

"आपल्यापेक्षा नियमित आहे की," ताई म्हणाल्या. त्या ऑफिसातल्या सगळ्यांत जुन्या. दोघं-तिघं हसले आणि साहेबांचा चेहरा बघून गप्प झाले.

"नवा प्रोग्रॅम घ्या. प्रत्येकाला वेगळं नाव, वेगळा पासवर्ड. मी नेमलेल्या माणसाशिवाय चिटपाखरूही आत येता कामा नये."

"तीन दिवस लागतील. शुक्रवारी जुना बंद करू."

संशय कुणावर, हे साहेबांना विचारावंच लागलं नाही. पट्टीवाले. शर्टाच्या खिशात कायम पट्टी घेऊन फिरणारे जुने नकाशाकार. दीड वर्षापूर्वी भांडून गेले होते. बाण डावीकडे काढण्याचा हट्ट त्यांचाच.

"तशी ती या ऑफिसची जुनी पद्धत आहे," ताई म्हणाल्या. "आम्हा सगळ्यांना तसंच शिकवलं होतं."

साहेबांनी तोवर फोन लावलाही होता.

"माझ्या नकाशांत बोटं घालायची तुमची हिंमत कशी झाली?"

"मी? मला माझीच कामं उरकत नाहीत. काय बदललंय?"

"नाटक करू नका. शाळेच्या जिन्याला चौदा पायऱ्या केल्यात."

"शाळा लहान मुलांची आहे का?"

"हो. मग?"

"मग तेरात पायरी उंच होते. पोरं पडतील. ज्यानं केलं त्यानं बरोबर केलंय, साहेब."

"मला शिकवतोस?" साहेबांचा 'तुम्ही' तिथंच संपला. "पुन्हा सापडलास तर पोलिसांत देईन."

हे बुधवारी. गुरुवारी दिवसभरात एकही रेघ हलली नाही. दर तासाला साहेब नकाशे उघडून बघत होते.

"बघितलंत? कान उपटले, लगेच सुधारला. आता म्हणा तो नव्हता म्हणून."

ताई आपल्या नकाशाकडे वळल्या.

दुपारी बायकोचा फोन आला. "येताना बाबांची औषधं आण. आणि टॅबलेटचा चार्जर. जुना काल जळला."

"आणतो. अगं, चोर सापडला माझा!"

"बरं झालं. चार्जर विसरू नकोस."

शुक्रवारी सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी जिन्याला पुन्हा चौदा पायऱ्या होत्या.

साहेबांची कानशिलं तापली. "निर्लज्ज! या ऑफिसानं दोन घास दिले, हातात कला दिली, आणि हे पांग फेडतोय? बंद करा. आत्ताच्या आत्ता."

साडेअकरापर्यंत अकराही जण नव्या प्रोग्रॅमवर गेले. जुना बंद करताना कॉम्प्युटरवाला थांबला. "इथं एक मजकूर ठेवता येतो. यापुढे जो आत यायला बघेल त्याला तो दिसेल. लोक साधारण 'सेवा बंद आहे' असं लिहितात."

"सरका." साहेबांनी कीबोर्ड ओढून घेतला आणि स्वतः टाइप केलं.

ताईंनी खांद्यावरून वाचलं. "साहेब, इतकं कशाला?"

"चोराला याहून चांगली भाषा कळत नाही."

मग त्यांनी चौदाच्या तेरा केल्या, बाण उजवीकडे आणला आणि नकाशा शाळेला पाठवून दिला. संध्याकाळपर्यंत कुणी कशाला हात लावला नाही. कित्येक दिवसांनी ते शीळ घालत घरी निघाले.

दार बायकोनं उघडलं. तिचे डोळे लाल होते.

"साडेअकरापासून बाबांनी पाण्याचा घोटसुद्धा घेतला नाहीये."

"का? झालं काय?"

"ते मला नको विचारूस. तुझ्या ऑफिसात असा नालायक कोण आहे, ते आधी शोध. आजारी म्हाताऱ्या माणसाला असं लिहितात?"

बाबा खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते. गुळगुळीत दाढी, इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. रोज दहाच्या आत असेच तयार होऊन बसायचे. मुलाला बघून त्यांनी डाव्या हातानं टॅबलेट उचलला आणि त्याच्यापुढे धरला.

काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं होती :

"जिथं खाल्लंस तिथंच घाण केलीस. थोडी तरी लाज असेल तर या दारात पुन्हा पाऊल ठेवू नकोस."