खिडकीची घरपट्टी

इन्स्पेक्टरबाईंनी टेप लावून स्वयंपाकघराची नवी खिडकी मोजली. अडीच फूट बाय तीन. मग कागदावर एक आडवी रेघ मारली.

"सवलत नाही मिळणार, काकू."

घरात सुधारणा केल्यानं वाढलेल्या घरपट्टीत पाच वर्षं सूट, अशी नोटीस वाचून काकूंनी अर्ज केला होता. काका चार दिवस बहिणीकडे गेले, तेवढ्यात गवंडी बोलावून भिंत फोडून घेतली. एकतीस वर्षं त्या खोलीत त्यांनी भर दुपारी दिवा लावून भाजी चिरली होती, डोळे चोळत फोडण्या दिल्या होत्या. खिडकीचं नाव काढलं की काकांचं एकच पालुपद, "घरपट्टी वाढेल." त्यातून काका घरपट्टी खात्यातूनच हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. त्यांच्यापुढे कोण बोलणार?

बहिणीकडून परत आल्यावर काकांनी घर डोक्यावर घेतलं. शेवटी एका अटीवर गप्प बसले. सूट मिळाली तर खिडकी राहील, नाहीतर बुजवायची.

"झालं समाधान?" काका दारातून म्हणाले. "उद्याच बुजवून टाकतो."

"खिडकी राहणार." काकू म्हणाल्या. "वाढलेली पट्टी मी भरीन. आणि बुजवायचीच असेल, तर मलाही आत चिणा!"

इन्स्पेक्टरबाई गोंधळल्या. "अहो, पट्टी वाढलेलीच नाही, तर सूट कशावर देऊ? नुसत्या खिडकीनं पट्टी वाढत नाही. कधीच वाढत नव्हती." मग त्या काकांकडे वळल्या. "साहेब, हे तर तुम्हीच शिकवलंत आम्हाला. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात."

काकूंनी नवऱ्याकडे पाहिलं. एकतीस वर्षं! खोटं बोलायलाही काही सुमार असतो की नाही?

"का हो?" त्यांनी विचारलं.

काका जमिनीकडे बघत पुटपुटले, "खिडकी असती, तर दिवसभर रस्त्याकडे बघत बसली असतीस."

काकूंनी स्टूल ओढलं, खिडकीशी नेलं आणि त्यावर ऐसपैस बसल्या.

"बसणारच आहे. चहा तेवढा तुम्ही टाका."