उशीचा वळ

मी सुरकुत्यांवरची क्रीम विकते, त्यामुळे माझा चेहरा म्हणजेच दुकानाची पाटी. "गालावर उशीचे वळ घेऊन काउंटरला उभी राहू नकोस. त्यांच्याच पुढे सुरकुत्या होतात," मॅडमनी सुनावलं. तेव्हापासून मी दोन्हीकडे लोड लावून उताणी झोपायला बघते आणि सकाळी पालथीच सापडते.

शेजारच्या पलंगावरून आई हसते. "माझ्याकडून शीक. ठेवशील तशी पडून असते." तिच्या अर्धांगवायूला आठ महिने झालेत. तिला कुशीवर करायचं तरी मीच करायचं.

आज मात्र जमलं. आरशात दोन्ही गाल कोरे करकरीत. "आई, बघ!" म्हणत वळले, तर रात्री उताणी झोपवलेली आई भिंतीकडे कलंडलेली. घाबरून तिचं तोंड इकडे केलं. डाव्या गालावर उशीच्या शिवणीचा लालभडक वळ.

"अगं, हे काय झालं?"

"झाले कुशीवर. माझी मी."

सवयीने माझी क्रीम लावलेली बोटं तिच्या गालाकडे गेली. तिने झटकन तोंड फिरवलं.

"चोळू नकोस! व्यायामवाल्या बाई दहाला येतात. तोवर टिकायला हवा."