अकरा बायकांची बाग

तुम्ही आम्हाला इंग्रजी शिकवलंत ते खोटं बोलायला, साहेब.

एवढं एकच वाक्य थोरलीच्या जिभेवर होतं. ते तिने गिळलं आणि प्रशिक्षण अधिकाऱ्याच्या टेबलासमोर उभी राहिली.

इस्पितळाच्या तळघरात, धुलाईखान्यात, अकरा बायका चादरी धुतात. बाहेरून तपासनीस येणार, ते इंग्रजीत विचारणार, म्हणून साहेबांनी तीन महिने या अकराजणींना जेवणाच्या सुट्टीत वर्गात बसवलं. वहीचं पान मधोमध दुमडायचं. डावीकडे ‘रोज’, उजवीकडे ‘काल’. ‘रोज’खाली काय लिहायचं ते छापूनच दिलं होतं. वुई वेअर ग्लव्ज. वुई आर सेफ. वुई आर हॅपी. ‘काल’खाली जिचं तिने लिहायचं. साहेबांनी नमुन्यादाखल एक वाक्य सांगितलं, येस्टरडे आय वेंट टु द गार्डन, आणि सगळ्यांनी तेच उतरवून घेतलं. तेव्हापासून अकराजणी रोज, काल बागेत गेलेल्या असायच्या. डबल पाळी करून, पाय सुजवून, बागेत. “त्या बागेत एक काडी गवत उरलं नसेल, जाऊबाई,” असं थोरलीची धाकटी जाऊ म्हणायची आणि सगळ्या खिदळायच्या.

आज सकाळी परीक्षा झाली. पास होईल ती नोकरीत कायम. डावीकडे थोरलीने छापील तेच लिहिलं. उजवीकडे मात्र तिचा हात बागेत गेला नाही. काल तिने आणि धाकट्या जावेने वॉर्डातून आलेला गठ्ठा सोडला होता. रक्ताने पापडासारखी कडक झालेली चादर, अभ्र्यात कुणाची तरी ओकारी, आणि चादरीच्या घडीत वापरलेली सुई. धाकटीचे हात नेहमीसारखे उघडे. सुई थेट तळहातात गेली. सुपरवायझर म्हणाला, साबण लावा आणि कामाला लागा. रक्त तपासायला वर पाठवलं तर नोंद होणार, आणि नोंद झाली तर ती तपासनीसांच्या नजरेस पडणार. थोरलीने हे सगळं तुकड्यातुकड्याने, पण जसंच्या तसं लिहिलं. द नीडल वेंट इन्टू हर हँड. यातलं वेंट साहेबांचंच.

साहेबांनी तो कागद दोन बोटांच्या चिमटीत धरला होता. मेलेला उंदीर धरावा तसा.

“आत्ताच जेवून उठलोय मी,” ते म्हणाले. “रक्त काय, ओकारी काय. हे काय लिहायचे विषय झाले, मावशी?”

“चुकलंय कुठे, साहेब?”

“चूक नाही. तेच तर दुखणं आहे. एकही क्रियापद चुकलेलं नाही.”

“मग हा भोपळा कशाचा?”

साहेबांनी कागद तिच्याकडे फिरवला. “डावीकडे तुमच्या हातात ग्लव्ज आहेत, उजवीकडे नाहीत. मी कुठलं खरं मानू?”

“डावीकडचं तुम्ही दिलंत. उजवीकडचं मी बघितलं.”

साहेब हसले. बाटलीतलं निळं औषध हातावर घेऊन त्यांनी बोटं चोळली. मग ड्रॉवरमधून कोरा कागद काढून तिच्यापुढे सरकवला आणि वर स्वतःचं पेन ठेवलं. “मी काही वाईट माणूस नाही. बाग लिहा, दहापैकी दहा देतो. सोमवारपासून तुम्ही कायम. पाच मिनिटं आहेत.”

दारात धाकटी उभी होती. तळहाताला फाटक्या चादरीची चिंधी बांधलेली, चिंधीवर तपकिरी डाग. “जाऊबाई, लिहा की,” ती हळूच म्हणाली. “बाग तर बाग. माझ्यापायी तुमचं कायम होणं घालवू नका. मला काही होत नाही.”

“रात्रभर अंग तापलं होतं तुझं.”

“उतरलंय आता.”

थोरलीने पेन उचललं. बारा वर्षांत तिने असल्या चादरी उलगडल्या होत्या की मढंसुद्धा नाक मुरडेल. तेव्हा कधी किळस वाटली नव्हती. आत्ता मात्र गार्डन हा शब्द नुसता डोक्यात आला आणि तिने पेन कागदापासून दूर धरलं. त्या कागदाची, त्या निळ्या औषधाच्या गोड वासाची, तीन महिने घोकलेल्या त्या हॅपीची तिला शिसारी आली.

काय लिहायचं ते ठरलं होतं. पण ते इंग्रजीत जमेना. प्रश्न कसा करायचा हे साहेबांनी तीन महिन्यांत एकदाही शिकवलं नव्हतं. शिकवली ती नुसती उत्तरं.

मग तिने ते आपल्या भाषेत लिहिलं. कागद मधोमध न दुमडता, या कडेपासून त्या कडेपर्यंत, मोठ्या अक्षरांत. लिहून झाल्यावर कागद साहेबांकडे सरकवला आणि त्यांचंच पेन त्यावर ठेवलं.

धाकटीचं रक्त कधी तपासता?

“लिहा उत्तर, साहेब,” ती म्हणाली. “पाच मिनिटं आहेत.”