समेची चुकामूक

रत्नाकर घैसासांनी समेवर मान डोलावून "वा" म्हटलं, तेव्हा शेजारच्या खुर्चीतले त्यांचे जुने मित्र हणमंतराव डोळे मिटून स्वस्थ बसले होते. जरा वेळाने हणमंतरावांनी मांडीवर थाप मारली. त्या वेळी घैसासांच्या कानात तान अजून अर्ध्यावरच होती.

कानांतली गाणं ऐकायची यंत्रं काढत घैसासांनी विचारलं, "सम कुठं आली तुला?"

"आत्ता तर आली. झोपला होतास काय?"

घैसास हसले नाहीत. जन्मभर स्पीकर आणि वायरी बदलत त्यांनी निर्दोष आवाज शोधला होता आणि या यंत्रांवरच्या नव्या संगीतसेवेत तो सापडलाही होता. एकच मैफल ती ज्याच्या त्याच्या कानाप्रमाणे, आवडीप्रमाणे नव्याने गाऊन द्यायची. तिचं कौतुक गावभर त्यांनीच केलं होतं. पण मग शेजारी बसलेल्या माणसाची मैफल वेगळी असणार, हे मात्र त्यांच्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

"हणम्या, तूच गा."

"मी? माझा गळा म्हणजे गंजलेली बिजागरी."

"असू दे."

हणमंतरावांनीही यंत्रं काढून टेबलावर ठेवली, खाकरले आणि तीच बंदिश धरली. षड्ज घसरला, वरच्या स्वरांत आवाज फाटला. घैसास मांडीवर ठेका देत राहिले. समेवर दोघांच्या माना एकदमच खाली आल्या.

"फारच बेसूर झालं रे," हणमंतराव ओशाळून म्हणाले.

"हो," घैसास म्हणाले, "मलाही तसंच ऐकू आलं."