नलिनीचे बूट

"काका, जल्दी आवो, काकी पडी गयां," असा सकाळी बडोद्यातल्या अकोट्याच्या बागेतून शेजारच्या मुलाचा फोन आला. मी पोचेपर्यंत नलिनी गेली होती. आफ्रिकेतल्या सफारीत चालता यावं म्हणून ती रोज त्या बागेत नवे बूट घालून फिरायची. तिकिटं दोघांची होती. मी तिचे बूट मातीसकट बॅगेत घेऊन एकटा निघालो. आफ्रिकेतल्या माऊन गावाबाहेरच्या नाक्यावर गुरांना रोग लागू नये म्हणून सगळे बूट औषधाच्या पाण्यात बुडवायला लावतात. तिथल्या बाईने माझी बॅग उघडली. "हे कुणाचे?" "बायकोचे." "ती कुठे आहे?" "वारली." "मग आणले कशाला? बुडवा, नाहीतर इथेच ठेवा." हिलाच बूट हवे असतील, असं वाटून मी तिच्या पायांकडे पाहिलं. तिला ते लहान झाले असते. मग एक बूट बुडवला. बडोद्याची माती सुटली, पाणी गढुळलं. दुसरा अजून बुडवायचा आहे.