जन्मभराची सही

मशीनच्या डोक्यावरचा दिवा गरगर फिरायला लागला आणि काझ डुडेकने आधी मागे वळून पाहिलं. बायको बघत नाही ना, याची त्याला खात्री करून घ्यायची होती. रेजिना अजून बाथरूममध्येच होती. त्याने पडद्यावरचा आकडा पुन्हा वाचला. अकरा हजार चारशे डॉलर. सँडविच आणायला तिने त्याच्या हातावर ठेवलेली वीसची नोट गिळून मशीन आता जोरजोरात गात होतं.

खरं तर दोघं समुद्र बघायला आले होते. लग्नाला पस्तीस वर्षं झाली म्हणून अटलांटिक सिटीची ही एका दिवसाची सहल रेजिनानेच काढली. फिलाडेल्फियाहून तिकडे जायला सगळ्यांत स्वस्त बस कॅसिनोची. ती थेट कॅसिनोच्या तळघरात आणून सोडते आणि समुद्राकडे जायचं तर मशिनांच्या रांगांमधूनच जावं लागतं. ज्याने हा रस्ता आखला त्याला माणसं चांगली ठाऊक असणार. काझ मान खाली घालून चालत होता. बाथरूमच्या दाराशी थांबावं लागलं नसतं, तर बिचारा पाण्यापर्यंत पोचलाही असता.

सहा वर्षांपूर्वी त्याने बंदीच्या यादीत जन्मभरासाठी सही केली होती. माणूस आपणहून त्या यादीत नाव घालतो. मग राज्यातल्या कुठल्याच कॅसिनोत त्याला खेळता येत नाही, आणि चोरून खेळून जिंकलाच तर पैसे जप्त होतात. सही करायला रेजिनाच त्याला घेऊन गेली होती. ती आत आली नाही, गाडीतच बसून राहिली.

कारण तसंच घडलं होतं. मुलीच्या, तेरेसाच्या, कॉलेजसाठी साठवलेलं खातं रिकामं झालं होतं. त्या दिवसांत काझ पगार झाला की इथे यायचा, पिऊन खेळायचा, कुठून किती काढले याचा त्याला सकाळी पत्ता नसायचा. बँकेचं पत्र आलं तेव्हा त्याने स्वयंपाकघरात उभ्या उभ्याच बायकोची माफी मागितली. तेरेसा कॉलेजात जायची ती किराणा दुकानाच्या गल्ल्यावर गेली. आईला ती दर रविवारी फोन करते, बापाचं नाव काढत नाही. तिच्या बाळाच्या बाप्तिस्म्याला काझ चर्चच्या शेवटच्या बाकावर बसला होता. नंतरच्या जेवणाला त्याला कोणी बोलावलं नाही.

फिलाडेल्फियातल्या आमच्या पोर्ट रिचमंड वस्तीत रेजिनाला सगळे देवमाणूस म्हणतात. असल्या नवऱ्याला पदरी बाळगलं, दुसरी असती तर कधीच निघून गेली असती, असं बायका बोलतात. चर्चमध्ये शुक्रवारी बिंगोचे आकडे तीच पुकारते, पण स्वतः कधी एक तिकीट घेत नाही. फादरसुद्धा तिचा दाखला देतात. काझ हे सगळं निमूटपणे ऐकून घेतो. करावे तसे भरावे, एवढंच म्हणतो आणि छपरं दुरुस्त करायला शिडी उचलून निघतो.

रेजिना बाहेर आली. तिने फिरता दिवा पाहिला, नवऱ्याचं तोंड पाहिलं आणि ती काय ते समजली. ती ओरडली नाही. काझने तिचा दंड धरला आणि भराभरा सांगत सुटला. एवढी मोठी रक्कम मशीन हातात देत नाही, माणूस येतो, ओळखपत्र मागतो, यादी तपासतो. कमरेला किल्ल्यांचा जुडगा लावलेली एक बाई पलीकडच्या रांगेतून येतच होती.

"तू बस इथे," तो म्हणाला. "मी खेळत होते म्हणून सांग. तुझं नाव धुतल्या तांदळासारखं आहे. मला यातला एक डॉलर नको, रेजिना, सगळे तेरेसाला दे. फक्त एकदा तिच्या दारात मला उजळ माथ्याने उभं राहू दे."

रेजिना जागची हलली नाही. सहा वर्षांत काझने तिच्यापुढे आवाज चढवला नव्हता, पण आता त्याचं डोकं फिरलं. देवमाणूस असण्याची हौस एक दिवस बाजूला ठेव, असं तो तिला म्हणाला. आयुष्यात एकदा माझ्यासाठी खोटं बोललीस तर तुझा स्वर्ग काही बुडत नाही, असंही म्हणाला.

"माझंही नाव आहे त्या यादीत," ती म्हणाली. "जन्मभरासाठी. तुझ्या आधी दोन महिने."

काझला आधी वाटलं, ती चेष्टा करते आहे. पण रेजिनाने कधी चेष्टा केल्याचं त्याला आठवेना. मग त्याला ते वर्ष आठवायला लागलं. तो दिवसभर लोकांच्या छपरांवर असायचा आणि ती दुपारची आजारी मावशीला भेटायला जायची. मावशीचं घर कुठे आहे, हे त्याने कधी पाहिलंही नव्हतं. किल्ल्यावाली बाई हसत हसत येऊन उभी राहिली आणि दोघांपैकी नशीब कोणाचं उघडलं, असं तिने विचारलं.

"तेरेसाचे पैसे?" काझने विचारलं.

"पत्र आलं त्या दिवशी मी सांगणारच होते," रेजिना म्हणाली. "पण तू लगेच कबूल केलंस."