तीस सेकंदांचा फोटो

"पाणी दुधासारखं दिसायला शटर तीस सेकंद उघडं ठेवा," फोटोग्राफीच्या कार्यशाळेतल्या बाई म्हणाल्या. "उंची कळायला धबधब्यापाशी कुणीतरी उभं करा. मेंढ्या ऐकत नाहीत, म्हणून नवरा!" सगळ्याजणी हसल्या. सोल्वेगने नवऱ्याला, ओत्तरला, लाल जाकीट चढवून कड्यावरच्या शेवाळल्या खडकावर धाडलं. तिने बटण दाबताच तो हात हलवू लागला. पाण्याच्या गर्जनेत त्याचा आवाज पोहोचेना. "हा बाबा एक फोटो धड काढू देईल तर शपथ," ती पुटपुटली आणि हलू नकोस अशी खूण केली. वेळ भरल्यावर ती कॅमेऱ्याच्या पडद्यावर वाकली. मान वर केली तर खडक रिकामा. संध्याकाळी पोलिसाने फोटो पाहिला. तीस सेकंदांत हलते हात पुसले गेले होते. लाल जाकीट ठळक होतं. "त्याने मदतीसाठी हात केला होता का?" "छे हो," सोल्वेग म्हणाली, "शांत उभा होता."